मध्ये समुद्र असताना बँड गाणे कसे बांधतो?

२०१७ च्या जानेवारीत लंडनमध्ये राहणाऱ्या काही संगीतकारांनी एका गाण्याचा शब्दांविना तयार केलेला कच्चा साचा अमेरिकेतील मेन राज्यात शिकणाऱ्या ओरोनो नोगुची या जपानी मुलीला पाठवला. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. हे संगीतकार पूर्वी न्यूझीलंडमधल्या एका बँडमध्ये वाजवत असत. त्या बँडच्या जपानमधल्या कार्यक्रमाला ती श्रोता म्हणून गेली होती आणि पुढे इंटरनेटवरून त्यांची मैत्री टिकून राहिली होती. तिने त्या साच्यावर स्वतःचे शब्द रचले, आपल्या लॅपटॉपवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि ती फाइल परत पाठवली. त्यातून ‘समथिंग फॉर युअर माइंड’ हे गाणे उभे राहिले, आणि त्या गाण्याबरोबरच सुपरऑर्गॅनिझम नावाचा आठ जणांचा बँड. त्यात दक्षिण गोलार्धातून आवाज पाठवणारे गायकही होते, म्हणजे गाण्याच्या फायली एकाच वेळी अटलांटिक आणि प्रशांत हे दोन्ही महासागर ओलांडत होत्या. हेच गाणे पुढे ‘फिफा १८’ या व्हिडिओ गेममध्ये वाजले आणि मार्च २०१८ मध्ये डॉमिनो या कंपनीने बँडचा पहिला अल्बम काढला.

या बँडचे संगीत कोणत्या प्रकारात बसवावे, हे ठरवणे अवघड आहे. गिटार रॉकची आहे, ठेके हिप-हॉप आणि नृत्यसंगीताच्या वळणाचे आहेत, गायन जवळजवळ बोलल्यासारखे सपाट आहे आणि मधूनच सफरचंद खाल्ल्याचा करकर आवाज येतो. असे मिश्रण आणि असे अंतर एकाच बँडमध्ये आढळणे हा निव्वळ योगायोग नाही, असे मला वाटते. अंतरामुळे गाणे बांधण्याची रीत बदलते आणि त्या रीतीतूनच असे मिश्र संगीत सहज निपजते. मात्र हे पटण्यासाठी आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागेल. इंटरनेट एवढे वेगवान झालेले असताना ही मंडळी आपापल्या घरी बसून एकाच वेळी, एकत्र का वाजवत नाहीत?

याचे कारण वेळ हे आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर अंतर कापायला त्याला जेमतेम ३ मिलिसेकंद लागतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एका खोलीत तीन मीटरवर बसलेल्या ड्रमवादकाचा आघात गिटारवादकापर्यंत ९ मिलिसेकंदांत पोहोचतो आणि हा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. हाच उशीर साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या वर गेला, म्हणजे वादक एकमेकांपासून आठ-दहा मीटरवर गेले, की लय सांभाळणे कठीण होऊ लागते. मोठ्या वाद्यवृंदात वादक याहूनही दूर बसतात, पण तिथे सर्वांसमोर संचालकाचा हात असतो आणि कानापेक्षा डोळ्यावर विसंबता येते.

आता लंडन आणि मेन यांचा हिशेब करू. दोन्हींमधले अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर आहे. समुद्राखालच्या काचतंतूंमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे निर्वातातल्या वेगाच्या दोनतृतीयांश. तेव्हा केबल अगदी सरळ रेषेत टाकलेली आहे असे मानले, तरी एका बाजूने २५ मिलिसेकंद लागणारच, आणि यात कोणाचाही इलाज चालत नाही. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते, वाटेत अनेक यंत्रांमधून माहिती पुढे सरकते, आणि दोन्ही टोकांच्या संगणकांना आवाजाचे आकड्यांत व आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करायला वेळ लागतो. हे सगळे धरून एका दिशेला ५० मिलिसेकंद हा चांगलाच आशावादी आकडा म्हणावा लागेल. याचा अर्थ लंडन आणि मेनमधले दोन वादक जणू १७ मीटर अंतरावर, समोर संचालक नसताना वाजवत आहेत. रोजच्या व्हिडिओ कॉलमध्ये तर हा विलंब बऱ्याचदा दीडशे-दोनशे मिलिसेकंदांवर जातो. बोलताना तो खपून जातो, कारण बोलताना आपण आळीपाळीने बोलतो.

एवढ्याशा उशिराने लय का ढासळते, हे पाहण्यासारखे आहे. लंडनच्या वादकाने आघात केला, तो मेनच्या वादकाला ५० मिलिसेकंदांनी ऐकू आला आणि त्याने त्या ऐकलेल्या आघाताशी आपला आघात जुळवला. हा आघात लंडनला परत पोहोचेपर्यंत आणखी ५० मिलिसेकंद गेले. लंडनच्या वादकाला वाटते की समोरचा मागे पडतो आहे, म्हणून तो त्याच्यासाठी किंचित थांबतो. मेनच्या वादकाला आता तोही उशिरा ऐकू येतो, म्हणून तो आणखी थांबतो. दोघेही समजूतदार, दोघेही एकमेकांना सांभाळून घेणारे, आणि नेमक्या त्याच गुणामुळे लय मंदावत जाते. एका जात्यावर दळणाऱ्या दोघी एकच खुंटा धरतात, म्हणून त्यांना एकमेकींची वाट पाहावी लागत नाही. समुद्रापलीकडच्या दोन वादकांच्या हातात असा खुंटाच नसतो.

आपल्याकडच्या अनेक घरांनी याचा अनुभव टाळेबंदीच्या काळात घेतला आहे. पुण्या-मुंबईतले गुरू आणि न्यू जर्सी किंवा लंडनमधले शिष्य यांचे गायनाचे वर्ग संगणकावर भरू लागले, तेव्हा पहिल्याच तासाला कळून चुकले की गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही. गुरूंनी हार्मोनियम धरली की शिष्याचा स्वर मात्रेच्या मागे येतो, म्हणून साथ शिष्याच्याच घरी वाजवावी लागते. दुसरी अडचण त्याहून विचित्र होती. व्हिडिओ कॉलची प्रणाली माणसाचे बोलणे नीट ऐकू यावे म्हणून पंख्यासारखे अखंड, न बदलणारे आवाज गाळून टाकते, आणि तिच्या लेखी तानपुराही तसाच एक आवाज असतो. त्यामुळे छान जुळवलेला तानपुरा समोरच्याला तुटक-तुटक ऐकू येई, किंवा मुळीच येत नसे. आवाजावर प्रक्रिया न करता तो आहे तसा पाठवण्याची सोय सुरू केल्यावर तानपुरा परत आला. विलंब मात्र गेला नाही, कारण तो प्रणालीचा दोष नसून अंतराचा परिणाम आहे.

म्हणून समुद्रापार बसलेले बँड एकत्र वाजवण्याचा नाद सोडतात आणि एकामागून एक वाजवतात. पहिला माणूस आपला भाग ध्वनिमुद्रित करतो, दुसरा तो ऐकत त्यावर आपला भाग चढवतो, तिसरा दोन्ही ऐकत आपला. प्रत्येकाच्या कानात आधीचे सगळे संगीत अगदी वेळेवर वाजत असते, कारण ते त्याच्याच संगणकातून येत असते. विलंब नाहीसा होत नाही. तो मिलिसेकंदांऐवजी तासांचा किंवा दिवसांचा होतो, आणि एवढा मोठा झाला की त्रास देईनासा होतो.

ही रीत इंटरनेटच्या आजच्या वेगापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतला पोस्टल सर्व्हिस हा बँड तिचे ठळक उदाहरण मानला जातो. लॉस एंजेलिसचा जिमी टॅम्बोरेलो संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत करत असे, तर सिएटलचा बेन गिबर्ड डेथ कॅब फॉर क्युटी या रॉक बँडचा गायक होता. जिमी वाद्यसंगीत तयार करून डिजिटल टेप टपालाने पाठवी आणि बेन त्यावर चाल व शब्द बांधून टेप परत पाठवी; बँडचे नावही त्यावरूनच पडले. २००३ च्या फेब्रुवारीत त्यांचा अल्बम आला, आणि अमेरिकेच्या टपाल खात्याने नावाला घेतलेली हरकत पुढे सामोपचाराने मिटली. त्यांच्यामध्ये समुद्र नव्हता, पण त्या काळच्या इंटरनेटचा वेग फार कमी होता. सीडीच्या दर्जाचे एक मिनिटाचे संगीत साधारण १० मेगाबाइट जागा घेते. त्या काळी घरोघरी असलेल्या टेलिफोनच्या ५६ किलोबिटच्या जोडणीवरून ते पाठवायला, सगळे सुरळीत चालले तरी, २५ मिनिटे लागली असती, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला पावणेदोन तासांच्या आसपास, आणि तेही एकत्र केलेल्या गाण्याला. सुट्या भागांचे तर नावच नको. त्यापेक्षा पाकीट लवकर पोहोचे.

आज सुटे भागच पाठवले जातात, आणि एक गाणे किती जागा घेते हे पाहिले तर त्यामागची मेहनत लक्षात येते. स्टुडिओच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात आवाजाचे माप सेकंदाला ४८,००० वेळा घेतले जाते आणि प्रत्येक माप ३ बाइटमध्ये लिहिले जाते. म्हणजे एका माइकचे एक मिनिट साधारण साडेआठ मेगाबाइट होते. चाळीस ट्रॅकचे चार मिनिटांचे गाणे जवळजवळ १.४ गिगाबाइटवर जाते. ट्रॅक म्हणजे गाण्याचा एक सुटा थर: मुख्य आवाज एका ट्रॅकवर, बेस दुसऱ्यावर, टाळ्या तिसऱ्यावर. हे थर सुटे असले तरच पलीकडचा माणूस एखादा आवाज मागे सारू शकतो, एखादा काढून टाकू शकतो किंवा गिटार तशीच ठेवून तिच्याखालचा सगळा ठेका बदलू शकतो.

हे थर एकमेकांवर बरोबर बसावेत म्हणून काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. पहिली म्हणजे लयीचा वेग: मिनिटाला ९६ मात्रा की १२०, हा आकडा सुरुवातीलाच पक्का होतो आणि वाजवताना प्रत्येकाच्या कानात मेट्रोनोमची टकटक चालू असते, स्टुडिओत तिला क्लिक म्हणतात. दुसरी गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते, पण तिच्यावाचून सगळे अडते: प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू झालेली असावी. तुमची टाळी तिसऱ्या मिनिटाला एकदाच वाजत असेल, तरी आधीच्या तीन मिनिटांच्या शांततेसकट फाइल पाठवायची, म्हणजे पलीकडच्याने ती शून्यावर ठेवली की टाळी आपोआप जागेवर पडते. तिसरी गोष्ट मापांच्या संख्येची. एकाने सेकंदाला ४४,१०० मापे घेतली आणि दुसऱ्याच्या यंत्राने ती ४८,००० समजून वाजवली, तर २४० सेकंदांचे गाणे सुमारे २२० सेकंदांत आटोपते आणि सूरही चढतो: पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध जाऊन पडते. आजची सॉफ्टवेअर हा फरक बहुधा ओळखून दुरुस्त करतात, तरीही अनुभवी ध्वनिमुद्रक फाइलच्या नावातच मापांचा आकडा आणि लयीचा वेग लिहून ठेवतात.

काही वेळा आवाज पाठवलाच जात नाही. १९८३ पासून वापरात असलेल्या मिडी या पद्धतीत कीबोर्डची कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली आणि कधी सोडली एवढीच नोंद पुढे जाते. फाइल अगदी लहान असते, आणि त्या नोंदीला कोणता आवाज द्यायचा हे पलीकडचा ठरवतो. तुम्ही पियानो समजून वाजवलेले सूर त्याच्याकडे ऑर्गन होऊन वाजू शकतात, किंवा एखाद्या खेळण्याचा आवाज होऊन.

संगीतप्रकारांची सरमिसळ इथूनच सुरू होते. एका खोलीत चौघे जमले की निर्णय काही सेकंदांत होतात. ड्रमवादकाने ठेका धरला की बेसवाला त्याला उत्तर देतो आणि गिटारवाला दोघांच्या मधली जागा शोधतो. खोलीत जी वाद्ये आहेत त्यांतच गाणे घडते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे बरेचसे चालते. रॉकचे बळ या झटपट देवाणघेवाणीत आहे. त्याचबरोबर त्याचा ठरीव साचाही तिच्यातूनच आलेला आहे. फाइल मिळालेला माणूस मात्र एकटा असतो आणि त्याला घाई नसते. आलेली गिटार तो दहादा ऐकू शकतो, तिचा एकच तुकडा कापून फिरत्या ठेक्यावर बसवू शकतो, आणि न जमलेला प्रयत्न कोणालाही न ऐकवता पुसून टाकू शकतो. दुसऱ्याच्या समोर करून पाहायला माणूस कचरतो अशा गोष्टी तो एकांतात करून पाहतो. शिवाय प्रत्येक जण आपल्या गावाचे, आपल्या वयाचे, आपल्या शेजाराचे कान घेऊन बसलेला असतो, आणि ‘आपला बँड असे वाजवत नाही’ असे म्हणणारे त्या क्षणी खोलीत कोणी नसते.

द फॉरेन एक्स्चेंज ही जोडी याची साक्ष देते. नॉर्थ कॅरोलायनाचा रॅपर फॉन्टे आणि नेदरलँड्सचा संगीतकार निकोले यांची ओळख इंटरनेटवर झाली. निकोले वाद्यसंगीत पाठवी आणि फॉन्टे त्यावर शब्द व आवाज चढवून परत पाठवी. २००४ साली आलेला त्यांचा पहिला अल्बम पूर्ण होईपर्यंत ते प्रत्यक्षात एकदाही भेटले नव्हते. ते रॉकवाले नव्हेत, पण हिप-हॉप, सोल आणि युरोपीय इलेक्ट्रॉनिक संगीत यांमधल्या सीमा त्यांच्याकडेही अशाच पुसल्या गेल्या. सुपरऑर्गॅनिझमचे उदाहरण तर मला अधिक बोलके वाटते. पहिल्या गाण्यानंतर ओरोनोसह बँडमधले बहुतेक जण पूर्व लंडनमधल्या एका घरात राहायला आले, मधला समुद्र नाहीसा झाला, आणि तरीही ते आपापल्या खोल्यांत बसून एकमेकांना फायलीच पाठवत राहिले. नाइलाजाने धरलेली रीत आता त्यांची आवड झाली होती.

या रीतीत काहीतरी हरवतेही, आणि ते नेमके काय हे शक्ती या बँडच्या उदाहरणातून चांगले समजते. जॉन मॅकलॉफलिन हे इंग्लिश गिटारवादक महाविष्णू ऑर्केस्ट्रा या आपल्या बँडमध्ये जॅझ आणि रॉक यांची सांगड घालून १९७० च्या दशकात उस्ताद झाकीर हुसेन आदी भारतीय कलाकारांसह शक्तीकडे वळले. या बँडच्या २०२३ च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमच्या वेळी मॅकलॉफलिन मोनॅकोत राहत होते, माहीममध्ये वाढलेले झाकीरभाई कॅलिफोर्नियात, आणि मराठी रसिकांना ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटाच्या संगीतामुळे अधिकच जवळचे झालेले शंकर महादेवन मुंबईत. करोनाच्या काळात ही मंडळी एकमेकांना ध्वनिमुद्रित भाग पाठवत राहिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

पण या संगीताचा प्राण सवाल-जवाबात आहे. गायकाने सरगमेचा एक तुकडा टाकायचा, तबल्याने तो उचलायचा, गिटारने त्याची तोडमोड करायची आणि सगळ्यांनी मिळून समेवर यायचे. पुढे काय येणार हे वाजवणाऱ्यालाही माहीत नसते. फाइलमध्ये सवाल आधीच ठरलेला असतो. जवाब देणारा हवे तितक्या वेळा जवाब देऊन पाहू शकतो, मात्र त्याचा जवाब ऐकून सवाल करणारा आपला पुढचा सवाल बदलू शकत नाही. संवाद एकाच दिशेने वाहतो. थरांवर थर चढवून बांधलेल्या सुपरऑर्गॅनिझमच्या गाण्याला ही उणीव जाणवत नाही, कारण त्या गाण्याची मागणीच वेगळी आहे. शक्तीला ती जाणवणारच. ज्यांच्यात अनेक दशकांची संगत आहे असे कलाकार समोरचा काय करील याचा बराच अंदाज बांधू शकतात, आणि माझ्या मते तो अल्बम जिवंत वाटतो तो या संगतीच्या जोरावर.

विलंब कमी करण्याचेही प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगीत-संशोधन केंद्रात तयार झालेली जॅकट्रिप ही प्रणाली आवाजाची माहिती आकाराने लहान न करता, वाटेतली शक्य तितकी प्रक्रिया टाळून थेट पाठवते. एका शहरात, किंवा चांगली जोडणी असेल तर पुणे-मुंबईएवढ्या अंतरावर, अशा प्रणालीने एकत्र वाजवता येते. समुद्रापार मात्र प्रकाशाचा वेग आडवा येतो. २००५ च्या सुमारास आलेल्या निंजॅम या प्रणालीने उलट वाट धरली: विलंब टाळायचा नाही, तो मुद्दाम वाढवून एका पूर्ण आवर्तनाएवढा करायचा. म्हणजे तुम्ही आत्ता वाजवत असता ते समोरच्याच्या मागच्या आवर्तनावर, आणि तो वाजवत असतो ते तुमच्या मागच्या आवर्तनावर. सम दोघांचीही जुळते, कारण चक्र तेच असते. तेच ते स्वरसमूह फिरवत ठेवणाऱ्या रॉकला हे चालते. त्रितालात आळीपाळीने एकेक आवर्तन घेणाऱ्या दोघांनी हा प्रयोग करून पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण आवर्तनाची कल्पना आपल्या कानांना शिकवावी लागत नाही.

आपल्याकडे पुण्यातली गिटार आणि टोरांटोतला आवाज असा बँड काढू पाहणाऱ्यांनी आणखी एक काम सुरुवातीलाच उरकावे. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द व चालीचा आणि दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. खोलीत एकत्र बसून केलेल्या गाण्यात कोणी काय केले हे निदान सर्वांनी पाहिलेले असते. फायलींच्या देवाणघेवाणीत पाचव्या फेरीनंतर मूळ चाल कोणाची यावर प्रामाणिक माणसांतही मतभेद होतात. प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहून सर्वांनी तो मान्य करावा आणि प्रत्येक फेरीच्या फायली तारखेसह जपून ठेवाव्यात.

यानंतर मंचाचा प्रश्न उरतो, कारण असे गाणे कोणी कधीच सलग वाजवलेले नसते. ते पूर्ण झाल्यावर बँडला ते दुसऱ्या कोणाच्या गाण्यासारखे शिकावे लागते: चाळीस थरांपैकी कोणते हातांनी वाजवायचे, कोणते बटण दाबून सोडायचे, कोणते वगळायचे. सुपरऑर्गॅनिझमने यात आवाजांची गंमतही टिकवली. त्यांच्या कार्यक्रमांत सहगायक माइकसमोर खरोखरच सफरचंद चावत आणि नळीने पाण्यात बुडबुडे काढत. बटणावर सोडलेल्या थरांशी जुळवून घ्यायचे असल्यामुळे अशा बहुतेक बँडच्या ड्रमवादकाच्या कानात मंचावरही क्लिक असते आणि लय आकड्याला बांधलेली राहते. शक्तीने जानेवारी २०२३ मध्ये मुंबईसह भारतातल्या चार शहरांत कार्यक्रम केले, तेव्हा बँडमधले पाचही जण एका मंचावर होते, आणि लयीचे ओझे पुन्हा तबल्याने आणि सेल्वागणेश यांच्या कंजिऱ्याने, म्हणजे लहान डफासारख्या दक्षिण भारतीय वाद्याने, उचलले होते.